स्कोप गेला म्हणजे कुणाचं काय गेलं?

कोणत्या लाइनला स्कोप आहे आणि कोणत्या लाइनचा गेला, याची यादी मराठवाड्यातल्या प्रत्येक पारावर तयार असते. टायपिंग गेलं, डी.एड. गेलं, छापखान्यात खिळे जुळवणारे कधीच गेले, कुंभाराच्या चाकाला कुणी विचारत नाही, साखर कारखान्यातली नोकरी पहिल्यासारखी राहिली नाही. यादी सांगणारा शेवटी एक वाक्य हमखास जोडतो: काळ बदलला, ज्यानं ओळखलं तो वाचला. या वाक्यावर कुणी वाद घालत नाही. पोराला कोणत्या शाखेला घालायचं इथपासून बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांचं काय करायचं इथपर्यंतचे निर्णय त्याच्याच आधारानं होतात.

मला ही समजूत उथळ वाटते, आणि तिचे परिणाम पाहिल्यावर निष्ठुरही वाटते. व्यवसायाची भरभराट आणि तो व्यवसाय करणाऱ्याची भरभराट या दोन गोष्टी तिनं एकच धरल्या आहेत. काम संपलं म्हणून माणूस उद्ध्वस्त होतोच असं नाही, आणि काम जोरात चालू आहे म्हणून तो सावरतोच असंही नाही. त्या कामातून त्याच्या नावावर, काम थांबल्यावरही टिकेल असा काही हक्क जमा झाला होता का, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. म्हणून एखाद्या व्यवसायाचा पडता काळ समजून घ्यायचा तर यंत्राकडे बोट दाखवून भागत नाही. हा हक्क होता का, कधी गेला आणि कुणी काढून घेतला, हे विचारावं लागतं.

१. ढोकीत शेजारी-शेजारी घडलेलं

हे पडताळायला लांब जायला नको. धाराशिव तालुक्यातल्या ढोकी या एका गावात दोन उद्योग शेजारी-शेजारी वाढले: रेल्वे आणि साखर. दोन्हींना पडता काळ आला. पण दोन्हींतल्या माणसांच्या वाट्याला जे आलं ते इतकं वेगळं आहे की त्यातच या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे.

आधी रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं उभ्या केलेल्या बार्शी लाइट रेल्वेची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली. अडीच फूट रुंदीचे रूळ, छोटी इंजिनं, छोटे डबे. १९११ मध्ये ही लाइन लातूरला पोहोचली. १९५४ मध्ये सरकारनं कंपनी विकत घेतली आणि तिचे नोकर सरकारी रेल्वेचे नोकर झाले. पुढे अर्धशतक छोटी गाडी चालली. २००७-०८ मध्ये लातूर-धाराशिव-कुर्डुवाडी हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि छोटी लाइन उखडली गेली. तिच्यासोबत कामांचा एक अख्खा प्रकार संपला. ते इंजिन सांभाळणं, त्या मापाचे डबे दुरुस्त करणं, अरुंद रुळांची निगा राखणं, यांतल्या कशालाही या भागात आता गिऱ्हाईक नाही. ‘स्कोप गेला’ हे शब्द जर कुठे अक्षरशः खरे असतील तर ते इथे.

तरीही कायम कर्मचाऱ्याची नोकरी रूळ बदलले म्हणून गेली नाही. त्याची बदली झाली, तो दुसऱ्या कामावर गेला, सेवाज्येष्ठता सोबत गेली, निवृत्तीनंतरची देणी मिळाली. कुर्डुवाडीचं वर्कशॉपही बंद पडलं नाही. छोट्या लाइनसाठी उभं राहिलेलं ते वर्कशॉप मोठ्या रेल्वेच्या कामाला लागलं.

आता साखर. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा मराठवाड्यातल्या सहकाराच्या सुरुवातीच्या पिढीतला. ढोकीची बाजारपेठ, शाळा, घरं, आजूबाजूच्या गावांतल्या सोयरिकी, सगळ्यांवर त्याच्या भोंग्याची सत्ता होती. कारखान्यात कायम असलेल्या मुलाला मुलगी द्यायला सासरा दुसरी चौकशी करत नसे. हा कारखाना कर्जात गेला, कित्येक हंगाम बंद राहिला आणि पुढे भाडेतत्त्वावर चालवायला दिला गेला. कामगारांचे थकलेले पगार आणि भविष्य निर्वाह निधी हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला.

या काळात साखरेचा धंदा संपला होता का? मुळीच नाही. याच जिल्ह्यात कळंब तालुक्यातल्या रांजणीला नॅचरल शुगर हा खासगी कारखाना उभा राहिला आणि वाढला. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रानं सुमारे १३७ लाख टन साखर तयार करून उत्तर प्रदेशाला मागे टाकलं. उसाच्या रसाला कोणत्या घडीला कढईतून काढायचं हे नजरेनं ओळखणारा पॅनमन, गाळपाच्या धबडग्यात गव्हाण अडू न देणारा फिटर, बॉयलरवरचा फायरमन, शेताशेतांतून उसाच्या नोंदी घेणारा चिटबॉय, या सगळ्यांच्या कामाला मागणी होती आणि आहे. काम होतं, पण ज्याच्याकडून येणं होतं तो हातातून निसटला होता. दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं तरी वीस-पंचवीस वर्षांची ज्येष्ठता मागे ठेवून, बहुतेकदा कंत्राटावर, नव्यानं सुरुवात करावी लागली.

म्हणजे एकाच गावात काम मेलं आणि माणूस वाचला, काम भरभराटलं आणि माणूस बुडाला. ‘काळ बदलला, ज्यानं ओळखलं तो वाचला’ या समजुतीला यांतलं एकही उदाहरण समजावून सांगता येत नाही. छोट्या लाइनच्या कर्मचाऱ्यानं काळ ओळखला होता आणि पॅनमनला तो कळला नाही, असं कुणी म्हणू शकेल का?

रेल्वेच्या बाजूनं एक भर घालायला हवी, नाहीतर हे सगळं सरकारी नोकरीचं कौतुक वाटेल. त्याच स्टेशनाबाहेर उभे राहणारे टांगेवाले आणि गाडीत चहा-शेंगदाणे विकणारे कुठल्याही रजिस्टरात नव्हते. एस.टी. आणि जीप आल्या, गाड्यांची वेळ बदलली, तसे ते विरून गेले आणि त्यांची कुणी गणतीही ठेवली नाही. स्टेशन एक, काळ एक, बदल एक. फरक होता नोंदीचा.

२. काम पुष्कळदा फक्त जागा बदलतं

ढोकीचं उदाहरण अपवाद असेल अशी शंका येऊ शकते, म्हणून आणखी तीन ठिकाणी हीच कसोटी लावू.

मुंबईचा गिरणी कामगार हे महाराष्ट्राच्या मनात ‘संपलेल्या’ व्यवसायाचं सगळ्यांत मोठं चित्र आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतले पुष्कळ जण परत कामावर आलेच नाहीत. पण कापड विणणं थांबलं का? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथले यंत्रमाग त्याआधीपासून वाढत होते, नंतर आणखी वाढले. कापड तेच राहिलं, विणणारा हात मात्र असा आला ज्याला मोजून मजुरी होती आणि त्यापलीकडे जवळपास काही नव्हतं. गिरणी कामगाराच्या हाती अखेर काय लागलं? २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी, म्हाडानं त्यांच्यासाठी घरांची पहिली सोडत काढली. उशीर लाजिरवाणा होता, घरं अपुरी होती. पण अर्ज करता आला तो कशाच्या जोरावर? गिरणीच्या हजेरीपटावर आपण होतो याच्या कागदावर. यंत्रमागावर तेवढीच वर्षं राबलेल्या माणसाला असा अर्ज कुणाकडे करता येईल, ते मला सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण ढोकीच्या शेजारचंच. तेर हे गोरोबा काकांचं गाव, म्हणजे संत गोरा कुंभारांचं. दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर या नावानं रोमपर्यंतच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. त्या काळच्या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचं कापड भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. त्या तेरच्या आसपास आज मडकी घडवणारं चाक क्वचित दिसतं. स्टील, प्लास्टिक आणि फ्रीज यांनी मडकं हटवलं हे खरंच आहे. पण भाजलेल्या मातीची मागणी घटली का? घरं सिमेंटची झाली तशी विटांची मागणी कितीतरी वाढली. कुंभार समाजाला वर्षाला ५०० ब्रासपर्यंत माती रॉयल्टीशिवाय घेण्याची सवलत महाराष्ट्रात आहे. हा जुन्या बलुत्यातून उरलेला एक खराखुरा, कागदावरचा हक्क. ज्या कुटुंबांनी त्याच्या आधारानं स्वतःची वीटभट्टी लावली ती टिकली. ज्यांना भांडवल जमलं नाही ती दुसऱ्याच्या भट्टीवर उचल घेऊन राबू लागली. माती तीच, भाजण्याची कला तीच. बदलली ती मालकी.

तिसरं डी.एड.चं. दोन हजारच्या दशकात मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत डी.एड. कॉलेजं उघडली, जमिनी विकून आणि देणग्या भरून मुलामुलींना तिथे घातलं गेलं, कारण ‘स्कोप’ होता. मग भरती आटली. २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. आज ती कॉलेजं ओस आहेत आणि लोक म्हणतात, त्या लाइनचा स्कोप गेला. शाळेत शिकवायला माणूस लागत नाही असं झालं आहे का? राज्यानं २००० मध्येच शिक्षणसेवक योजना आणून पहिली तीन वर्षं ठरीव मानधनावर काढायला लावली, आणि पुढे तासिका तत्त्वाचा सुळसुळाट झाला. मुलं वर्गात आहेत, फळा आहे, शिकवणं चालू आहे. शिक्षक या पदाबरोबर येणारी खात्री तेवढी काढून घेतली गेली. याला व्यवसायाचं वार्धक्य म्हणणं म्हणजे निर्णय घेणाऱ्यांना दोषमुक्त करणं होय.

३. टिकणारा हक्क कशाला म्हणायचं

इथवर ‘हक्क’ हा शब्द मी सैल वापरला. तो घट्ट करायला हवा.

कामातून जमा होणारा हक्क टिकाऊ ठरायला माझ्या मते तीन गोष्टी लागतात. पहिली, नोंद: तू कुणासाठी, किती काळ, काय काम केलंस हे तुझ्या मालकाच्या कागदावर असणं. दुसरी, देणाऱ्याचं आयुष्य कामापेक्षा मोठं असणं. रेल्वे छोट्या लाइनपेक्षा मोठी होती म्हणून ती लाइन उखडल्यावरही देणारी उरली. साखर कारखाना बुडाला तेव्हा कामगाराला देणाराच बुडाला, कारण त्याच्या आणि त्या एका कारखान्याच्या मध्ये तिसरं कुणी नव्हतं. तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल आपण सगळ्यांत कमी बोलतो ती: वसुलीचा क्रम. उद्योग बुडतो तेव्हा उरलेल्या मालमत्तेवर पहिला हात कुणाचा?

या तिसऱ्या मुद्द्यावर कायदा काय म्हणतो ते प्रत्येक साखर कामगाराला पाठ असायला हवं. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यातल्या कलम ११ नं या निधीच्या थकबाकीला इतर देण्यांच्या आधीचं स्थान दिलं. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं या अग्रक्रमाला आव्हान दिलं. वाद मराठवाड्यातल्या कारखान्यांच्या तारण साखरेचा होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की बँकेकडे तारण असलेल्या मालावरही निधीच्या थकबाकीचा हक्क आधीचा. बँकेच्या आधी कामगार, असं देशातलं सर्वोच्च न्यायपीठ सांगून बसलं आहे. त्यानंतरही थकलेल्या निधीसाठी पन्नाशी उलटलेले कामगार कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. याचा काळाच्या ओघाशी काय संबंध? लिहिलेला हक्क न वसुलणं हा माणसांनी केलेला निर्णय असतो.

रेल्वेतला हक्क तरी आपोआप आला होता का? तोही झगडून मिळाला. प्रकल्पांवर वर्षानुवर्षं रोजंदारीनं राबवून काम संपलं की घरी पाठवलेल्या मजुरांचा इंदरपाल यादव खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच्या १९८५ च्या निकालातून या मजुरांना टप्प्याटप्प्यानं सामावून घेण्याची योजना आली. काम हंगामी असलं तरी माणूस हंगामी नसतो हे मान्य व्हायला इतका वेळ लागला. साखर कारखान्यांत हंगामी कामगाराला बिगरहंगामात मिळणारा रिटेन्शन भत्ता याच विचाराचा आहे, आणि तोही संघटनांनी मिळवलेला आहे.

४. ‘मग बलुतेदारीच बरी होती म्हणायची?’

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप हा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. जुन्या व्यवसायांतला हक्क म्हणजे बलुतं आणि वतन. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’त त्याचं सविस्तर वर्णन केलं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग, प्रत्येकाचा खळ्यावरच्या धान्यात वाटा ठरलेला. पण तो वाटा जातीला बांधलेला होता आणि जात कामाला. काहींच्या वाट्याला अवजारं आली, काहींच्या वाट्याला मेलेली जनावरं ओढणं आलं. हे व्यवसाय मोडले ही मुक्ती होती; त्यांच्यासाठी हळहळणं म्हणजे गुलामीसाठी हळहळणं. हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतका मोठा आधार दुसरा नाही.

महार वतन ही गुलामी आहे हे बाबासाहेबांइतक्या परखडपणे कुणी मांडलं नाही. तरीही १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं तेव्हा ‘हे काम सोडा’ एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. ज्याला सेवा नको असेल त्याला सेवेतून मोकळं करा, पूर्ण शेतसारा घेऊन वतनाची जमीन मात्र त्याच्याकडेच राहू द्या, आणि बलुत्याचं रूपांतर रोख रकमेत करा, असा त्या विधेयकाचा आशय होता. काम जाऊ दे, हक्क जाता कामा नये, ही त्यांची रचना होती. विधेयक पुढे मागे घ्यावं लागलं. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये ढोकीपासून जवळच्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला बाबासाहेब स्वतः आले. आपल्या परिसराच्या या इतिहासाचा अभिमान आपण बाळगतो. त्या परिषदेच्या विषयाकडे, म्हणजे नकोशा कामातून बाहेर पडताना जमिनीचं आणि हक्कांचं काय, या प्रश्नाकडे तितक्याच आस्थेनं पाहत नाही.

मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या कायद्यानं संपली. जमिनी फेरवाटपानं मिळाल्या, पण नव्या शर्तीनं, पैसे भरून. गावोगाव त्यांतल्या पुष्कळ जमिनींचे वाद आजही कचेऱ्यांत पडून आहेत. ज्या घराकडे तो तुकडा राहिला त्या घरातला मुलगा शिकायला बाहेर पडला तेव्हा पाठीशी काहीतरी होतं. ज्यांचा तुकडा गेला ते मजुरीत गेले. म्हणजे वाईट व्यवसाय मोडतानाही कसोटी तीच लागते. काम जितकं अन्यायाचं असेल तितकं त्यातून बाहेर पडणाऱ्याचं देणं मोठं असतं.

५. ‘यंत्र नवी कामं देतंच की’

हा आक्षेप अर्थशास्त्राच्या पुस्तकातून येतो आणि सरासरीच्या पातळीवर तो बराचसा खरा आहे. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, पण त्या सुमारास मोबाइलची दुकानं गल्लोगल्ली होती. गोदरेजनं २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं, पण संगणकावर बसणारे टायपिस्टपेक्षा कितीतरी जास्त झाले. कबूल. प्रश्न असा की सरासरीत जगणारा माणूस कुठे असतो? पंचेचाळिसाव्या वर्षी ढोकीत काम गेलेला फिटर आणि बाविसाव्या वर्षी पुण्यात लागलेला संगणक अभियंता यांची बेरीज करून भागिले दोन केलं तर आकडा चांगला येतो. फिटरच्या घरात त्यानं चूल पेटत नाही.

याच रेल्वेमार्गावर लातूरला मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. ही चांगली गोष्ट आहे आणि या भागाला तिची गरज होती. तिथली कामं कशा प्रकारची असतील, त्यांतली किती कायम आणि किती कंत्राटी, हे विचारण्याचा हक्क इथल्या माणसाला आहे. नुसत्या ‘रोजगारनिर्मिती’च्या आकड्यावर समाधान मानलं तर तीस वर्षांनी लातुरात ढोकीचीच गोष्ट पुन्हा सांगावी लागेल.

सरकार काही करत नाही असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, शिंपी अशा अठरा पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि सवलतीच्या व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. कारागिराला हे मिळावं, जरूर मिळावं. पण कर्ज हे देणं आहे, हक्क नव्हे. ज्याच्या व्यवसायाला गिऱ्हाईक कमी होत चाललं आहे त्याच्या हाती अवजार आणि हप्ता देऊन आपण धोक्याचा सगळा भार पुन्हा त्याच्याच डोक्यावर ठेवतो. नवीन कौशल्य शिक, हा सल्लाही तसाच आहे. शिकण्याच्या काळात घर कुणी चालवायचं, याचं उत्तर सल्ला देणाऱ्याकडे नसतं.

६. ‘कायम नोकऱ्यांनीच कारखाने बुडवले’

सहकारी साखर कारखान्यांत गरजेपेक्षा जास्त नोकरभरती झाली हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. निवडणुका आल्या की माणसं चिकटवली जात. त्याचा बोजा कारखान्यावर पडला, हेही खरं. पण भरती कुणी केली? कर्ज कुणी काढलं? विस्तार, डिस्टिलरी, नवीन यंत्रं यांचे निर्णय कुणी घेतले? कामगाराला संचालक मंडळात किती किंमत होती हे सगळे जाणतात. निर्णय एकानं घ्यायचे, वसुली मात्र दुसऱ्याच्या निधीतून आणि ग्रॅच्युइटीतून, हा न्याय कोणत्याच धंद्यात चालत नाही. जास्तीची माणसं कमी करायची होती तर ठरलेली देणी चुकती करून कमी करता आली असती. कायद्यात त्याची वाट आहे. कारखाना थकत जाऊ दिला, पगार महिनोन्‌महिने थकवले, आणि माणसं आपोआप गळाली. बिनखर्चाची कपात ती हीच.

ऊस उत्पादक शेतकऱ्याचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागतं, आणि थकवणाऱ्या कारखान्यावर साखर आयुक्त महसुली वसुलीच्या कारवाईचा आदेश काढतात. ही कारवाई नेहमी वेळेत होते असं नाही, पण शेतकरी संघटनांच्या रेट्यामुळे ती होते. कारखाना कर्जात असूनही शेतकऱ्याच्या देण्याला वरचा क्रम मिळू शकतो, तर कामगाराच्या का नाही? पैसा नाही हे कारण दोघांना सारखंच लागू आहे. रेटा सारखा नाही.

७. आता पाळी कोयत्याची

इथवरचं सगळं घडून गेलेलं आहे. ज्यासाठी हे लिहायला बसलो ते अजून घडायचं आहे.

दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगरकडची लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचल मुकादम देतो, करार वाहतूकदाराच्या आणि मुकादमाच्या नावावर असतो, आणि ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो त्या कारखान्याच्या एकाही रजिस्टरात तोडणाऱ्याचं नाव नसतं. बाईचं तर मुकादमाच्या वहीतही नसतं. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी इथे शून्य आहेत: नोंद नाही, देणारा नक्की नाही, वसुलीच्या क्रमात जागा नाही. महाराष्ट्राच्या साखरेची पहिली पायरी अशा माणसांच्या हातात आहे ज्यांना कागदावर कुणी ओळखत नाही.

आणि आता हार्वेस्टर येतो आहे. तो यावा असंच मला वाटतं. पहाटे तीनला उठून थंडीत वाकून ऊस तोडणं, पाठीवर मोळ्या वाहणं, पालात बाळंत होणं, पोरांची शाळा दरवर्षी अर्ध्यात सुटणं, हे काम टिकावं असं म्हणणाऱ्यानं एक हंगाम फडात काढावा. काम संपणार यात दुःख नाही. राज्य सरकारनं २०२३ मध्ये ऊस तोडणी यंत्रासाठी अनुदान जाहीर केलं: किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम, एकूण ९०० यंत्रांसाठी. यंत्र घेणाऱ्याला सार्वजनिक पैशातून ३५ लाखांपर्यंत. त्या यंत्रामुळे ज्यांचा फड जाईल त्यांना त्याच योजनेत किती? काहीच नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, ग्रामपंचायतीमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रं दिली जातात. ही सुरुवात आहे. पण ती नोंद गावाची आहे, कारखान्याची नाही. कोणत्या कारखान्याचा किती टन ऊस, किती हंगाम एखाद्या बाईनं तोडला, हे त्या नोंदीवरून कळत नाही. उद्या काम थांबलं तर ते ओळखपत्र हाती धरून ती कुणाच्या दारात उभी राहणार?

दहा-पंधरा वर्षांनी पारावर बसून आपण म्हणू, ऊसतोडीचा स्कोप गेला, यंत्रं आली, काळ बदलला. तेव्हा ते वाक्य बोलणं सोपं असेल, कारण ज्यांचं गेलं त्यांचं नाव कुठेच नसेल. ते टाळायचं असेल तर वेळ आत्ताची आहे. म्हणून तीन मागण्या. यंत्रासाठी अनुदान मिळण्याआधी त्या कारखान्याच्या क्षेत्रात तोडणी करणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाची वेगवेगळी, हंगामनिहाय नोंद कारखान्याच्या रजिस्टरात झाली पाहिजे. या नोंदीच्या प्रमाणात काम सुटताना रक्कम देणारा निधी साखरेच्या प्रत्येक टनामागे उभा राहिला पाहिजे, आणि तो एका कारखान्याच्या हाती न राहता राज्य पातळीवर राहिला पाहिजे, म्हणजे कारखाना बुडाला तरी देणारा उरेल. कारखाना विकताना किंवा भाड्यानं देताना ही देणी आणि जुन्या कामगारांचा थकलेला निधी करारातच आधी चुकता झाला पाहिजे. धाराशिव, बीड, लातूरच्या ज्या आमदार-खासदारांना ऊसतोडवाल्यांची मतं लागतात त्यांनी या मागण्या पुढच्या गळीत हंगामाआधी विधिमंडळात मांडाव्यात, आणि गावोगावच्या ग्रामसभांनी तसा ठराव करून त्यांच्या हाती द्यावा.